बडोद्यातलं रेस कोर्स साइडचं आयव्हीएफ सेंटर: खास लॅबवाल्या मॅडमसाठी हा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण आपल्याकडे अजून हा विषय दबक्या आवाजातच बोलतात, आणि मी राहते डांडिया बाजारात, जिथे कोण कुठल्या डॉक्टरकडे जातं हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला माहीत असतं. ज्यांना खरंच हवंय त्यांनी रेस कोर्स ते अलकापुरी ह्या पट्ट्यात "एम्ब्रियोलॉजिस्ट (म्हणजे लॅबमध्ये भ्रूणं सांभाळणारी) स्वतः बसून समजावते ते कुठलं" एवढंच विचारावं, कळेल.

आणि हा रिव्ह्यू डॉक्टरांचा, इंजेक्शनांचा किंवा रिसेप्शनचा नाहीये, त्याबद्दल ढीगभर लोकांनी लिहिलंय. मी लिहितेय ते एम्ब्रियो कौन्सेलिंग नावाच्या एका तासाबद्दल, जो इथे एग पिकअपच्या, म्हणजे बीजांडं काढण्याच्या, आधी एकदा आणि भ्रूण पाच दिवसांचं झालं की एकदा देतात, आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

थोडं बॅकग्राउंड. मी अकरावी-बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते. मोरुला, ब्लास्टोसिस्ट, ट्रोफोब्लास्ट, इनर सेल मास ही नावं वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलीयेत, आकृती काढून घेतलीये, नावं दिली नाहीत तर मार्क कापलेत. पण पुस्तकात एक गोष्ट येतच नाही. आधी सगळ्या पेशी दिसायला सारख्या असतात ना, मग त्यातल्या कुठल्या पेशीने बाळ व्हायचं आणि कुठल्या पेशीने वार (प्लासेंटा) व्हायचं, हे ठरतं कसं आणि कधी? परीक्षेत विचारत नाहीत म्हणून कुणी शिकवत नाही. आणि आयव्हीएफ करायला गेलं की नेमकं ह्याच प्रश्नावर तुमचे लाखभर रुपये आणि तुमची झोप टांगलेली असते, कारण तुमच्या भ्रूणाची ग्रेड, बायोप्सी (टेस्टसाठी भ्रूणातल्या काही पेशी काढणं) करायची की नाही, रिपोर्टमध्ये मोझाइक (काही पेशी नॉर्मल, काही चुकीच्या) आलं तर फेकायचं की ठेवायचं, सगळं तिथूनच निघतं.

आधी आम्ही दुसरीकडे गेलो होतो, कुठे ते लिहीत नाही. तिथे कोऑर्डिनेटरने पॅकेजचा कागद पुढे केला, त्यात भ्रूणाची जेनेटिक टेस्ट आधीच टिक करून ठेवलेली, प्रत्येक भ्रूणामागे वेगळे पैसे. मी विचारलं की पेशी नक्की कुठून काढणार, तर म्हणाली "मॅडम, भ्रूणातून काढतात, टेस्ट नॉर्मल आली की बाळ हेल्दी." मी परत विचारलं की भ्रूणातून म्हणजे कुठल्या भागातून, तर "ते लॅबवाले बघतात". लॅबवाल्यांशी बोलू द्या म्हटलं तर तशी पद्धत नाही म्हणे. नवऱ्याने गाडीत बसल्या बसल्या सांगितलं की इथे नको.

तर आता ह्या सेंटरबद्दल. कौन्सेलिंगची खोली छोटीशीच आहे, एक टेबल, मोठा मॉनिटर, भिंतीवर "येथे गर्भलिंग परीक्षण केले जात नाही" हा बोर्ड, जो कायद्याने लावावाच लागतो आणि इथे तो गुजराती, हिंदी, इंग्लिश तिन्हीत आहे. एम्ब्रियोलॉजिस्ट मॅडम गुजराती आहेत पण लहानपण रावपुऱ्यात गेलेलं, त्यामुळे मराठी अगदी आपल्यासारखं बोलतात. माझी सासू बरोबर होती, तिला त्या पहिल्यापासून "काकू" म्हणाल्या आणि तिच्याशीही तेवढ्याच सिरियसली बोलल्या, ही गोष्ट मला फार आवडली, कारण बाकी ठिकाणी सासूला बाहेर बाकावर बसवतात आणि मग घरी आल्यावर तिला सगळं परत आपणच सांगायचं.

पाचव्या दिवशी त्यांनी आमच्याच भ्रूणाचा टाइम-लॅप्स व्हिडिओ लावला. इन्क्युबेटरच्या आतच कॅमेरा असतो, दर काही मिनिटांनी फोटो निघतो, भ्रूण बाहेर काढायची गरज पडत नाही. पहिल्या दिवशीचा फोटो: एक गोल पेशी, आत दोन छोटी वर्तुळं, एक आईकडचं केंद्रक आणि एक बापाकडचं. मग दोन पेशी, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी आठ. इथे त्यांनी व्हिडिओ थांबवला आणि सांगितलं की इथपर्यंत भ्रूण बरंचसं बीजांडात आईने भरून ठेवलेल्या सामानावर चालतं, त्याचे स्वतःचे जीन्स माणसात मुख्यतः चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर चालू होतात, उंदरात ते दोन पेशींवरच होतं. त्यामुळे तिसऱ्या दिवशी झकास दिसणारी कितीतरी भ्रूणं पुढे जातच नाहीत, आणि त्यात कुणाच्या खाण्यापिण्याचा, धावपळीचा किंवा स्कूटर चालवण्याचा काही संबंध नसतो. हे वाक्य त्या सासूकडे बघून बोलल्या. बरं झालं.

मग पुढचा भाग, जो मी घरी येऊन मनात किती वेळा परत पाहिला असेल. आठ पेशी वेगवेगळ्या, गोल गोल, मध्ये फटी दिसतायत. हळूहळू त्या एकमेकींना चिकटायला लागतात, कडा पुसट होत जातात, आणि काही तासांत असं होतं की मोजायला गेलं तर पेशी मोजताच येत नाहीत, एकच गुळगुळीत गोळा. ह्याला कॉम्पॅक्शन म्हणतात. पेशींच्या पृष्ठभागावर ई-कॅडहेरिन नावाचं प्रोटीन असतं, ते एकीला दुसरीशी जोडतं, शिवाय प्रत्येक पेशी बाहेरच्या बाजूने स्वतःला आवळून घेते, त्या ताणाने सगळ्या आत ओढल्या जातात. आमच्या व्हिडिओत एक छोटी पेशी ह्या गोळ्यात सामावलीच नाही, कडेला वेगळी राहिली. मी घाबरले, पण मॅडम म्हणाल्या माणसाच्या भ्रूणात हे बऱ्याचदा दिसतं, एखादी पेशी बाहेर राहते आणि बाकीचं भ्रूण पुढे जातं.

आणि निवड इथेच सुरू होते. गोळा झाला, आता पेशी विभागत गेल्या की काही बाहेरच्या बाजूला राहणार, काही पूर्ण आत जाणार. बाहेरच्या होतात ट्रोफेक्टोडर्म, ज्यातून पुढे वार तयार होते. आतल्या होतात इनर सेल मास, ज्यातून पुढे बाळ. मॅडमनी एका कागदावर हे काढून दाखवलं, तो कागद आम्ही घेऊन आलोय, फ्रिजवर लावलाय.

मी म्हटलं, पण पेशीला कळतं कसं की मी बाहेर आहे? आणि ह्याचं उत्तर मला कुठल्याच गाइडमध्ये मिळालं नव्हतं. बाहेरच्या पेशीची एक बाजू मोकळी असते, तिथे शेजारीण नाही. आमच्या जुन्या वाड्यासारखं समजा, काही खोल्यांना रस्त्याकडची खिडकी असते आणि मधल्या खोल्यांना चारी बाजूंनी नुसत्या दुसऱ्या खोल्या. त्या मोकळ्या बाजूला पेशी काही खास प्रोटीन्स गोळा करते, म्हणजे पेशीला वर-खाली अशी दिशा येते. आतल्या पेशीला अशी मोकळी बाजूच नाही, तिचे सगळीकडून शेजारणींशी सांधे. त्या सांध्यांपाशी हिप्पो नावाची सिग्नलची साखळी चालू होते आणि याप नावाच्या प्रोटीनला केंद्रकात जाऊ देत नाही. बाहेरच्या पेशीत ही साखळी बंद पडते, कारण ती चालू करणारं सामान मोकळ्या बाजूला अडकवून ठेवलेलं असतं, मग याप केंद्रकात जातं, तिथे टीड-४ ह्या दुसऱ्या प्रोटीनबरोबर बसतं आणि वारेकडे नेणारे जीन्स चालू करतं, त्यातलं उंदरातलं प्रसिद्ध नाव म्हणजे सीडीएक्स-२. २०२० मध्ये लंडनच्या कॅथी नियाकन ह्यांच्या टीमने दाखवलं की उंदीर, गाय आणि माणूस, तिघांतही ह्या पहिल्या निवडीची सुरुवात मुळात अशीच होते, माणसात गाटा-३ हे प्रोटीन बाहेरच्या पेशींमध्ये लवकर दिसतं.

एवढं सगळं पेशंटला कशाला सांगायचं असं कुणी म्हणेल. मला वाटतं सांगायलाच पाहिजे, कारण हे कळलं की एक मोठी भीती जाते. भीती ही की दोन-चार पेशींतच कुठली पेशी काय होणार हे कोरून ठेवलेलं असतं आणि त्यातली एक बिघडली की संपलं. तसं नाहीये. पोलंडमध्ये आंद्झेय तारकोव्स्की नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५९ मध्ये उंदराच्या दोन पेशींच्या भ्रूणातली एक पेशी नष्ट केली आणि उरलेल्या एका पेशीतून पूर्ण उंदीर जन्माला आला. १९६१ मध्ये त्यांनी उलटं केलं, आठ-आठ पेशींची दोन भ्रूणं चिकटवली आणि त्यातून एकच उंदीर झाला, म्हणजे चार आईबापांचा एक उंदीर. १९६७ मध्ये योआना व्रुब्लेव्स्का ह्यांच्याबरोबर त्यांनी मांडलं की पेशीचं भविष्य ती आत आहे की बाहेर ह्यावर ठरतं. मग १९७२ मध्ये इतरांनी पेशी मुद्दाम दुसऱ्या भ्रूणाच्या बाहेर चिकटवून बघितल्या, त्या बहुतेक बाहेरच्या थरातच गेल्या. १९८१ मध्ये मार्टिन जॉन्सन आणि कॅरल झिओमेक ह्यांनी त्यात ती दिशेची, म्हणजे मोकळ्या बाजूची गोष्ट जोडली. मॅडमनी मला तारकोव्स्कींचं नाव सांगितलं आणि बाकीचं मी घरी वाचत बसले, दोन रात्री जागून. माझ्या बारावीच्या बॅचला आता हे मी सांगतेच, पेपरात येवो न येवो.

अर्थात सगळ्या पेशी शेवटपर्यंत अगदी सारख्याच असतात असंही नाही, हेही मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं. २०२४ मध्ये मॅग्डालेना झेर्निका-गोएत्झ ह्यांच्या टीमने माणसाच्या भ्रूणात दाखवलं की पहिल्या दोन पेशींचा वाटा सारखा नसतो, पुढे ज्यातून बाळ होतं त्या भागातल्या पेशी जास्त करून दोघींपैकी एकीच्या वंशातून येतात. पण कल असणं वेगळं आणि पक्कं ठरणं वेगळं, कारण एक काढून टाकली तर दुसरी निभावून नेऊ शकते. आणि माणसात हे पक्कं ठरणं उंदरापेक्षा उशिरा होतं, ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी झालेलं, पाचव्या दिवसाच्या सुमाराचं भ्रूण) तयार झाल्यावरही बाहेरच्या पेशी वेगळ्या करून परत जुळवल्या तर त्यातल्या काही आतल्यासारख्या होऊ शकतात असं प्रयोगात दिसलंय.

परत व्हिडिओवर. चौथ्या दिवसाच्या शेवटी गोळ्यात एक छोटी पोकळी दिसायला लागली. बाहेरच्या पेशी आत पाणी खेचतात त्याने ती होते. ती वाढत वाढत गेली आणि आतल्या पेशी एका बाजूला ढकलल्या गेल्या. मध्येच भ्रूण अचानक आकसलं, पोकळी जवळजवळ गेली, माझा श्वास अडकला, आणि मग ते परत फुगलं. मॅडम म्हणाल्या हे होत राहतं, घाबरू नका. शेवटच्या फोटोत एका कडेला पेशींचा घट्ट पुंजका आणि भोवती पातळ थराचं कडं, सगळं मिळून शंभर ते दोनशे पेशी, आणि आकार मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढा.

आतल्या पुंजक्यातही अजून एक निवड होते, हे मला अजिबात माहीत नव्हतं. त्यातल्या काही पेशी नॅनोग नावाचं प्रोटीन धरतात आणि एपिब्लास्ट होतात, ज्यातून बाळाचं शरीर होतं, आणि काही गाटा-६ धरतात आणि हायपोब्लास्ट होतात, ज्यातून पीतक पिशवी होते. उंदरात बघितलं तर आधी ह्या दोन्ही प्रकारच्या पेशी मीठ-मिरपूड टाकल्यासारख्या मिसळलेल्या असतात, मग एकीकडून दुसरीला एफजीएफ-४ हा सिग्नल जातो, आणि हळूहळू हायपोब्लास्टवाल्या पोकळीच्या बाजूला येऊन थर करतात. म्हणजे ज्याला आपण "बाळाच्या पेशी" म्हणतो त्यातल्याही सगळ्या बाळ होत नाहीत. सासू म्हणाली, "म्हणजे एवढ्याशा ठिपक्यातून बाळ किती थोड्यातून होतं गं." खरंय, अगदी थोड्याच पेशींतून.

आता ग्रेड. आमच्या रिपोर्टवर ४एबी लिहिलं होतं. ही पद्धत गार्डनर आणि स्कूलक्राफ्ट ह्यांची, १९९९ ची, जवळपास सगळीकडे हीच वापरतात. आकडा १ ते ६, भ्रूण किती फुगलंय आणि कवचातून बाहेर यायला लागलंय का ते. पहिलं अक्षर आतल्या पुंजक्याचं, दुसरं अक्षर बाहेरच्या थराचं. बस. म्हणजे ए आणि बी हे बाळाच्या हुशारीचे किंवा तब्येतीचे मार्क नाहीत, पेशी किती आहेत आणि किती घट्ट बसल्यात एवढंच मायक्रोस्कोपखाली बघून दिलेलं मत आहे, आणि दोन एम्ब्रियोलॉजिस्ट एकाच भ्रूणाला वेगळी अक्षरंही देऊ शकतात. बाहेरचा थर गर्भाशयाला चिकटतो म्हणून त्याचंही महत्त्व आहे. व्हॉट्सॲपवर बायका एकमेकींना ग्रेड विचारून रडत बसतात, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ती बायोप्सी. पाचव्या-सहाव्या दिवशी पेशी काढतात त्या बाहेरच्या थरातून, साधारण पाच ते दहा. आतल्या पुंजक्याला हात लावत नाहीत, लावायलाही नको. म्हणजे टेस्ट होते ती वार होणाऱ्या पेशींची, आणि तिच्यावरून आपण बाळाबद्दल अंदाज बांधतो. बऱ्याचदा दोन्ही जुळतात. पण नेहमी जुळतीलच असं नाही, कारण पहिल्या काही दिवसांच्या विभागणीत गुणसूत्रांची चूक झाली तर काही पेशी नॉर्मल आणि काही चुकीच्या असं मिश्रण होतं, त्याला मोझाइक म्हणतात, आणि ते मिश्रण आत-बाहेर सारखंच वाटलं जाईल असं कुठे लिहिलंय. नॉर्मल गरोदरपणात वारेची तपासणी केली तरी शंभरात एक-दोन जणींत असं निघतं की वारेत चूक आहे पण बाळात नाही.

झेर्निका-गोएत्झ ह्यांचीच गोष्ट मॅडमनी सांगितली, त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेली आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी गरोदर असताना वारेच्या तपासणीत तिथल्या साधारण पाव पेशींत गुणसूत्रांची चूक निघाली. मुलगा व्यवस्थित झाला. त्यानंतर त्यांच्या टीमने उंदरांच्या भ्रूणात नॉर्मल आणि चुकीच्या पेशी मुद्दाम मिसळून बघितल्या, २०१६ मध्ये ते छापून आलं: बाळ होणाऱ्या भागातल्या चुकीच्या पेशी स्वतःहून मरून जातात, वारेच्या भागातल्या मात्र टिकून राहतात, फक्त हळू वाढतात. पुरेशा नॉर्मल पेशी असल्या तर भ्रूण पुढे जातं. त्याच्या आधी २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मोझाइक रिपोर्ट आलेली भ्रूणं १८ बायकांमध्ये ठेवली होती, त्यातल्या सहा जणींना निरोगी मुलं झाली. ज्यांच्याकडे नॉर्मल रिपोर्टवालं एकही भ्रूण नव्हतं अशा त्या बायका होत्या. त्यांना "फेकून द्या" सांगितलं असतं तर?

आणि तरुण वयात, भ्रूणं चांगली असताना, टेस्टचा फायदा किती? २०२१ मध्ये चीनमधला मोठा अभ्यास आला, १,२१२ बायका, वय २० ते ३७, प्रत्येकीकडे तीन किंवा जास्त चांगले ब्लास्टोसिस्ट. टेस्ट करून ठेवलेल्यांत ७७.२ टक्के बायकांना मूल झालं, टेस्ट न करता ठेवलेल्यांत ८१.८ टक्के. मॅडमनी हे आकडे स्वतःहून दाखवले, त्यांच्याच सेंटरचं बिल कमी होणार असताना. माझ्यासाठी अख्ख्या रिव्ह्यूतला मोठा पॉइंट हाच आहे. त्यांनी असंही सांगितलं की टेस्ट वाईट नाहीये, घरात एखादा आनुवंशिक आजार असेल तर त्यासाठीची वेगळी टेस्ट फार उपयोगाची आहे, वारंवार गर्भपात होत असतील, वय जास्त असेल तर विचार करण्यासारखी आहे, पण आमच्या केसमध्ये त्या आग्रह करणार नाहीत. आम्ही नाही केली.

सासूचा प्रश्न राहिलाच. "दोन ठेवा ना, जुळी होतील, एकदाच सगळं उरकेल." हा प्रश्न बडोद्यातल्या प्रत्येक घरात निघतो. मॅडमनी चिडचिड न करता सांगितलं की जुळी म्हणजे आईला बीपी, शुगरचा धोका जास्त आणि मुलं दिवस भरायच्या आधीच आणि कमी वजनाची होण्याची शक्यता जास्त, म्हणून एकच ठेवतात. आणि एक ठेवूनही कधीतरी जुळी होतात, कारण आतला पुंजकाच दुभंगतो, मग दोन बाळं आणि वार एकच. भ्रूण त्याच्या आधीच, पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगलं तर दोघांच्या वारा वेगळ्या. काकू ऐकत राहिल्या, आणि घरी येऊन शेजारच्या वहिनींना त्यांनीच हे सांगितलं, वारेसकट.

उरलेली भ्रूणं फ्रीज करतात, उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये. टाकी दाखवली, लेबल दोघांनी वाचून मॅच करायचं हा नियम दाखवला. इथे मी एक बोलून घेते. फ्रीज केलेल्या भ्रूणातून मूल होणं आज सगळ्यांना साधं वाटतं, पण कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय ह्यांनी १९७८ मध्येच ते करून दाखवलं होतं, ३ ऑक्टोबरला दुर्गा जन्मली, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर सत्तरच दिवसांनी, आणि आपल्याच सरकारी लोकांनी त्यांना खोटं ठरवलं. १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. अशा सेंटरच्या भिंतींवर त्यांचा फोटो असायला पाहिजे, मी सजेशनच्या वहीत लिहून आलेय.

आता अर्धा स्टार कशासाठी. कन्सेंट फॉर्म इंग्लिश आणि गुजरातीतच आहेत, हिंदीसुद्धा नाही, मराठी तर सोडाच, आणि बडोद्यात इतकी मराठी घरं असताना हे बरं नाही. माझं चालून गेलं, पण बडोद्याजवळच्या पादरा गावाहून एक मावशी सुनेला घेऊन आल्या होत्या, धुळ्याकडच्या, त्यांना एकेक ओळ मी वाचून दाखवली. दुसरं, डॉक्टरांसाठी थांबावं फार लागतं, अपॉइंटमेंटला काही अर्थ उरत नाही, आणि हॉर्मोनच्या इंजेक्शनांनी पोट फुगलेलं असताना त्या कडक खुर्च्यांवर बसणं म्हणजे शिक्षा. तिसरं, व्हिडिओची कॉपी देत नाहीत, फक्त फोटो देतात. कारण विचारलं तर पॉलिसी आहे म्हणाले. आपल्याच भ्रूणाचा व्हिडिओ आपल्याला मिळायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

रिझल्टबद्दल विचाराल. पहिलं ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात ठेवणं) लागलं नाही, म्हणजे गर्भ राहिला नाही. ४एबी होतं, दिसायला सुंदर होतं, तरी नाही लागलं. बीटाचा, म्हणजे गर्भ राहिला का ते बघायच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट निगेटिव्ह आला त्या संध्याकाळी मॅडमचा फोन आला, डॉक्टरांच्या आधी, आणि त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, चांगल्या ग्रेडची भ्रूणंही लागत नाहीत असं बऱ्याचदा होतं, आतल्या गुणसूत्रांचं फोटोत दिसत नाही, आणि तुम्ही त्या दिवशी जिना चढलात म्हणून हे झालेलं नाही. मग परत बोलावून दुसऱ्या भ्रूणाचा व्हिडिओ लावला, ते ४बीसी आहे, बाहेरचा थर विरळ आहे, का विरळ आहे आणि त्याचा अर्थ काय ते आधीच्याच शांतपणे सांगितलं. ते पुढच्या सायकलला ठेवणार आहोत. सेंटरला स्टार मी लागलं-न लागलं ह्यावरून देत नाहीये आणि तुम्हीही देऊ नका, कारण चांगल्यातल्या चांगल्या लॅबमध्येही हे आपल्या हातात तेवढंच असतं. समोरच्याने तुम्हाला खरं सांगितलं का, आणि तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगितलं का, ह्यावरून द्या.

जाणाऱ्यांसाठी: कौन्सेलिंगची वेळ वेगळी मागून घ्या, नाहीतर रिसेप्शनवाले आपणहून सांगत नाहीत. दुपारी तीननंतर जा, सकाळी लॅबमध्ये पिकअपची गडबड असते आणि मॅडम मिळत नाहीत. प्रश्न कागदावर लिहून न्या, त्या एकेक घेऊन बसतात. बायोप्सीचा फॉर्म पुढे आला तर सही करायच्या आधी विचारा की पेशी कुठल्या थरातल्या, किती, आणि मोझाइक आलं तर तुमची पॉलिसी काय, त्यांच्याकडे हे लेखी आहे, मागितलं की देतात. घरातल्या मोठ्यांना बरोबर न्या, मनाई नाही. पार्किंग बेसमेंटमध्ये आहे पण शनिवारी भरलेलं असतं, रिक्षाने गेलेलं बरं.